गाडीच्या नावावर

काकासाहेबाला या सौद्यात तीन गोष्टी मिळणार होत्या, आणि त्यांतल्या दोन तो विचारील त्याला मोठ्या हौसेनं सांगायचा. पहिली अशी, की इंजिनाखालचं नरम रबर काढून तिथं कडक रबर बसवलं म्हणजे इंजिन झोपाळ्यागत डुलत नाही. पाय दाबला की गाडी त्याच क्षणाला निघते, गिअर खटकन जागेवर बसतो, वळणावर बॉनेटखालचं वजन मागं रेंगाळत नाही. दुसरी अशी, की मग गाडी आपल्यापासून काही लपवून ठेवत नाही. इंजिनाच्या पोटात जे चाललंय ते सीटमधून पाठीला आणि स्टिअरिंगमधून तळव्यांना कळतं. दोन सीटची बुटकी लाल स्पोर्ट्स कार घ्यायची ती याचसाठी, नाहीतर मऊ गादीवर लोळत जायला एसटीची निमआराम आहेच. तिसरी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. ती अशी, की असल्या गाडीतून उतरलेल्या माणसाचा हात थरथरला तर बघणारा गाडीला नावं ठेवतो, हाताला ठेवत नाही.

आज ही तिसरी गोष्ट वटवायची होती. गंगापूरला धाकट्या भावाच्या, रामकिसनच्या, मुलीची सुपारी फुटायची होती. वडील, म्हणजे नाना, गेल्यापासून घरातला थोरला काकासाहेबच. तेव्हा दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली की अडकित्ता त्याच्या हातात येणार, डाव्या चिमटीत सुपारी धरून त्यानं ती पात्यात ठेवायची, सगळे बोलून घेतील तोवर तशीच धरून बसायचं आणि कुणीतरी ‘हं, होऊ द्या’ म्हटलं की दाबायची. त्यांच्या घरात सुपारी एका दाबात फुटते, असा लौकिक होता. लौकिक म्हणजे काय, चार पिढ्यांत कुणी दुसऱ्यांदा दाबलेली कुणाला आठवत नव्हती. फोडण्याची भीती काकासाहेबाला नव्हतीच. त्याची भीती त्या धरून बसण्यात होती. कारण त्याचा डावा हात कामाला लावला की गुमान असायचा, आणि रिकामा ठेवला की अंगठा तर्जनीवर आपला आपण फिरायला लागायचा, जसा काही तिथं तंबाखूचा दाणा आहे आणि तो मळायचा आहे.

नगर नाक्यावर गाड्या थांबल्या. छावणीतून लष्कराच्या ट्रकांचा ताफा निघाला होता आणि पोलिसानं दोन्ही हात पसरून सगळा रस्ता अडवून धरला होता. उभ्या गाडीत ही थरथर सगळ्यात वाईट. पळताना इंजिनाचा आवाज एकसारखा होतो, थरथर बारीक होऊन कुठंतरी मुरते; पण जागेवर उभं राहून नुसतं धुगधुगणारं इंजिन म्हणजे दात वाजवणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. आरसा एवढा हलत होता की मागची रिक्षा त्यात तीन-तीन दिसत होती. डॅशबोर्डवरचा पितळी गणपती कापत होता, काच खिडकीच्या फटीत किरकिर करत होती, आणि शेजारच्या सीटवर वच्छलाबाई पाठीमागं उशी घेऊन बसली होती, तिच्या कानातल्या वेलांचे मोती तेवढे नाचत होते. ताफा लांबणार असं दिसलं म्हणून काकासाहेबानं किल्ली फिरवली. इंजिन एक आचका देऊन गप्प झालं. आरसा थांबला. रिक्षा एक झाली. गणपती थांबला. मोती थांबले. आणि स्टिअरिंगच्या कडेवर ठेवलेला त्याचा डावा अंगठा मात्र थांबला नाही.

हे त्याला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पण असं उघड्यावर, सगळी थरथर एकाएकी काढून घेतल्यावर, एकटा उरलेला तो अंगठा त्यानं पहिल्यांदाच पाहिला. बाजार उठल्यावर एखादा माणूस रिकाम्या मैदानात कांदे विकत बसलेला दिसावा तसा. त्यानं हात झटकन खाली घेतला, गिअरवर ठेवला, मग मांडीखाली दाबला. वच्छलाबाई बाहेर बघत होती. ट्रकांत बसलेल्या पोरसवदा शिपायांची तोंडं एकामागून एक सरकत होती आणि ती त्यांना मोजत असल्यासारखी बघत होती. तिनं पाहिलं होतं की नव्हतं? ती एका क्षणापूर्वी बाहेर वळली की आधीपासूनच बाहेर बघत होती? काकासाहेबाला मागचे दोन क्षण पुन्हा समोर मांडून बघायचे होते, पण ते नीट मांडले जाईनात.

“पाणी देऊ का?” तिनं विचारलं, बाहेर बघतच.

“नको.”

“घ्या थोडं. घसा सुकला असंल.”

त्यानं उजव्या हातानं बाटली घेतली. बाटलीचं बूच तिनं आधीच काढून ठेवलं होतं.

वाळूजकडं गाडी सुटली तशी थरथर बारीक होऊन मुरली, आणि त्याचा जीव थोडा खाली पडला. डावीकडं कारखान्यांच्या भिंती लागल्या. त्यांतल्याच एका आतल्या गल्लीत त्याचा कारखाना. म्हणजे त्याचा नव्हे, तो तिथं रबराच्या खात्यावर साहेब होता. गंधकाच्या वासात आणि प्रेसच्या धगीत त्यानं आयुष्याची अर्धी वर्षं जे घडवलं ते हेच: दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चिकटवलेला रबराचा ठोकळा. त्यावर इंजिन बसतं. इंजिनाचं काम हलणं, माणसाचं काम निवांत बसणं, आणि दोघांच्या मध्ये तो ठोकळा. सगळं आपल्या अंगात जिरवतो आणि पलीकडं काही जाऊ देत नाही. नव्या आलेल्यांना तो सांगायचा, चांगलं माउंटिंग ते, जे गाडीत आहे याचा बसणाऱ्याला पत्ताही नसतो. त्यांना ते वाक्य आवडायचं. त्यालाही आवडायचं. आणि अशा माणसानं आपल्या गाडीचं नरम रबर काढून वीट बसवावी तसं कडक रबर बसवायला सांगितलं, तेव्हा छावणी बाजारातल्या गॅरेजवाल्या बन्सीनं हातातला पाना खाली ठेवला होता.

“साहेब, तबियत बरी आहे ना?” बन्सी म्हणाला होता. “लोक माझ्याकडं येतात, बन्सी, गाडी लई हालू राह्यली, काहीतरी कर. तुम्ही पहिले असे, म्हणू राह्यले हलत नाय, हलव.”

“स्पोर्ट्स कार आहे रे ती. तुला नाय कळायचं.”

“मला कळलं व्हय, वहिनीसाहेबांना कळंल का ते बघा. त्यांचा मणका दुखतो म्हणत होते ना तुम्हीच?”

“तू बसव.”

“बसवतो की. गाडी तुमची, मणका त्यांचा, आपल्याला काय.” आणि बन्सी आपल्याच बोलण्यावर मनापासून हसला होता. जुनी रबरं त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिली. काकासाहेबानं ती उस्मानपुऱ्याच्या घरी माळ्यावर टाकली. तेव्हा त्याच्या हिशेबात मणका आला होता आणि त्यानं तो बाजूला सारला होता. उशी घेतली की झालं, असं ठरवून. वच्छलाबाईनंच उशी आणली. पहिल्या फेरीनंतर घरी उतरताना तिनं दाराला धरून एक श्वास घेतला, आणि म्हणाली, “आवाज भारी आहे.” एवढंच. दुसरी बाई असती तर गाडी आणि नवरा दोघांनाही अंगणात उभं करून बोलली असती.

लिंबे जळगावच्या पुढं रस्त्याच्या कडेनं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि त्याला ओलांडताना काकासाहेबाची नजर वर गेली. चालवणारा कुणी म्हातारा होता. डोक्याला टॉवेल, दोन्ही हात चाकावर, आणि हात, खांदे, गाल, सगळा माणूस ट्रॅक्टरबरोबर हलत होता. काकासाहेबानं एक्सिलेटर दाबला. नाना असेच दिसायचे. शेवटची तीन-चार वर्षं नाना ट्रॅक्टरवरून खाली उतरायला मागत नव्हते. नांगरटीचा दिवस नसला तरी सकाळी उठून बसायचे, चालू करायचे, शेताला एक चक्कर मारून यायचे, आणि उतरल्यावर कपबशी वाजली की म्हणायचे, “ट्रॅक्टरनं हात हलतो रे. लई दणके देतो.” सगळे हो म्हणायचे. ट्रॅक्टरवर बसलेला कुठला माणूस हलत नाही? एकदा दिवाळीत ट्रॅक्टर आठ दिवस दुरुस्तीला गेला आणि नानांच्या बशीतला चहा त्याच आठ दिवसांत त्यांच्या धोतरावर सांडला. कुणी काही बोललं नाही. फक्त आधी त्यांना पेल्यात चहा यायला लागला, मग अर्धा पेला, मग बाजारातली बोलणी रामकिसन करायला लागला, मग एका सकाळी ट्रॅक्टरची किल्ली खुंटीवर नव्हती. ती काकासाहेबानंच काढून घेतली होती. शहरातून सुट्टीला आला होता, दोघं भाऊ बोलले होते, आणि थोरला म्हणून सांगायचं काम त्याच्याकडं आलं. त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं. “नाना, लई केलंत. आता तुम्ही आराम करा.” नानांनी मान हलवली, की मानच हलत होती, ते त्याला त्या दिवशीही कळलं नाही. त्यानंतर ते अंगणातल्या बाजेवर बसायचे, आणि लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायचे, जसं वासराविषयी बोलतात. आज खाल्लं का त्यांनी? झोपले का? आराम करा या दोन शब्दांत एवढं सगळं असतं हे सांगणाऱ्याला कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याला पुढं कुणी विचारत नाही.

आता काकासाहेबाच्या गाडीची किल्ली त्याच्यापाशी होती. ती आपल्यापाशीच राहावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. डॉक्टरकडं तो गेला नव्हता; डॉक्टर हाताला नाव देणार, आणि एकदा नाव पडलं की ते घरी येतं, कारखान्यात येतं, भावाच्या बैठकीत येऊन आपल्याआधी बसतं.

रामकिसनचा बंगला गंगापूरच्या अलीकडं रस्त्यालाच होता, दारासमोर मांडव, खुर्च्या, गाद्या. लाल गाडी आत घेतली आणि ती जागेवर धडधडत उभी राहिली तसे मांडवातले सगळे बघायला आले. काकासाहेबानं मुद्दाम इंजिन थोडा वेळ चालूच ठेवलं. बॉनेट हलतंय, आरसे हलतायत, काचा वाजतायत, हे सगळ्यांना नीट बघू दिलं. मग बंद करून उतरला आणि दोन्ही हात पुढं धरून म्हणाला, “बघ रामकिसन. इथवर येईस्तोवर हाताला मुंग्या. थरथर जातच नाय अंगातून.”

“दादा, मंग कशाला घेतली ही बला?” रामकिसन म्हणाला. “माझी बोलेरो न्यायची. गादीवर बसल्यावाणी वाटतं.”

“तुझी बोलेरो म्हणजे म्हशीवर बसल्यागत. ही घोडी आहे.”

लोक हसले. जमेच्या बाजूला पहिली रक्कम पडली, असं काकासाहेबाला वाटलं. त्यानं बरोबर हिशेब केला होता: उतरल्यावर अर्धा तास तर हे कारण ताजं राहील, आणि तेवढ्यात सुपारी आटोपेल.

पण वैजापूरकडून यायची मुलाकडची जीप वाटेत पंक्चर झाली. व्याही बद्रीनाथ यांचा फोन आला, येऊ राह्यलो, थोडी सबुरी धरा. मग बसणं सुरू झालं. काकासाहेबाला गादीवर, मधोमध, थोरल्याच्या जागेवर बसवलं. मागं तक्क्या, समोर पंखा, आणि करायला काहीही नाही. रिकामा हात. त्यानं तो मांडीवर ठेवला, मग कुशीत घेतला, मग पाठीमागं गादीवर टेकला, मग पानाचं ताट ओढून उगाच चुना लावत बसला, कारण काम दिलं की तो हात सभ्य व्हायचा. चार पानं झाली. पाचवं कुणी घेईना. आणि जसजसा वेळ जात होता तसतसं गाडीचं कारण शिळं होत चाललं होतं. तासभर आधी उतरलेल्या माणसाला गाडीच्या मुंग्या किती वेळ राहतात? तो उठला. “गाडी उन्हात आहे, सावलीत घेतो,” म्हणाला. गाडीत बसला, इंजिन चालू केलं, आणि त्या धडधडीत, दार लावून, हात चाकावर सोडून दिला. केवढी सुटका ती! सगळं हलत होतं, त्यात हातही हलत होता, कुणाचं कुणाला काही वाटत नव्हतं. लिंबाच्या सावलीत गाडी लावून तो परत आला आणि मोठ्यानं म्हणाला, “लई थरथरते बुवा.” पाऊण तासानं तो पुन्हा उठला, सावली सरकली होती. सावली खरंच सरकली होती, पण त्याच्यासारखी तिची वाट दुसरं कुणी बघत नव्हतं.

“दादा, गाडीला नजर लागंल म्हणून जागा बदलू राह्यला का?” रामकिसन ओरडला. पुन्हा हशा. चालेल. हसू दे.

तिसऱ्यांदा तो लिंबाखालून परतत होता तेव्हा ओसरीवरून बायकांचं बोलणं त्याच्या कानावर आलं. त्याची चुलती आवडाबाई पाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवत होती, आणि तिच्यासमोर वच्छलाबाई समईत तेल घालत होती. वच्छलाबाईच्या हाताचं या घरात नाव होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं काठोकाठ भरलेली कळशी विहिरीपासून ओसरीपर्यंत आणली आणि पायरीवर एक थेंब पडला नाही, हे आवडाबाईनंच साऱ्या भावकीत सांगितलं होतं. तेव्हापासून तबक धरायचं, विहिणींची ओटी भरायची, औक्षणाचं ताट फिरवायचं, ते वच्छलानं. मोठी सून म्हणून नव्हे, हात बघून. आताही तेलाची धार वातीच्या कडेनं, दोऱ्यासारखी सरळ उतरत होती.

“कमाल आहे गं,” आवडाबाई म्हणाली. “काकासाहेब मघापासून गाडीच्या नावानं हात नाचवू राह्यला. मुंग्या म्हणतो, थरथर म्हणतो. अन् तू बी त्याच गाडीत बसून आलीस ना? तुझा हात बघ. थेंब नाय सांडला.”

तेलाची धार थांबली नाही.

“थोरले भाऊजी बी आसंच म्हणायचे,” आवडाबाई जरा हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. “ट्रॅक्टरनं हलतो म्हणायचे.”

काकासाहेब खांबाआड तसाच उभा राहिला. त्यानं सगळं मांडलं होतं. रबराचा कडकपणा, रस्त्याची लांबी, उतरल्यावरचा वेळ. आणि गाडीला सीट दोन आहेत, हे तेवढं धरायचं राहिलं होतं. इतका वेळ ती त्याच्या शेजारी बसून आली, तीच थरथर तिच्या पाठीतून गेली, आणि त्याच्या हिशेबात ती सामानागत आली होती. त्याला तिच्या त्या सरळ धारेचा राग आला. खरोखरचा राग. जरा हलवायला काय झालं होतं हिला! लगेच त्या रागाची लाज वाटली, आणि दोन्हींच्या मध्ये कुठंतरी हात जोरात फिरायला लागला. त्यानं तो खिशात घातला. खिशात किल्ली होती. ती वाजायला लागली.

त्याच वेळी जीप आली. व्याही, त्यांचे भाऊ, मामा, पाहुणे, रामराम, पाणी, कुठं पंक्चर झाली, कोण होतं चालवायला. आणि बघता बघता सगळे गाद्यांवर समोरासमोर बसले आणि अडकित्ता त्याच्या पुढ्यात आला. व्याही बद्रीनाथ पांढऱ्याशुभ्र धोतरात अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. वच्छलाबाई तबक घेऊन आली. हळद, कुंकवाची वाटी, अक्षता, खण. रिवाजाप्रमाणं ती त्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसली आणि तबक त्याच्या हातांखाली धरलं, फुटलेली सुपारी त्यात पडावी म्हणून. आवडाबाई ओसरीच्या कठड्याला टेकून बघत होती. ती हातांकडंच बघत होती.

त्यानं सुपारी डाव्या चिमटीत घेतली, पात्यात ठेवली. आता धरून बसायचं. रामकिसननं बोलायला सुरुवात केली, मग मुलाच्या मामाला काही आठवलं, मग मानपानाचा एक मुद्दा निघाला, मग तो मुद्दा कुणी काढला यावर दोघांचं थोडं झालं. हात रिकामा नव्हता, पण कामालाही लागला नव्हता. उभ्या गाडीतल्या इंजिनागत, आयडलला. आणि आधी मनगटात, मग चिमटीत ते सुरू झालं. सुपारी पात्याला लागून टिकटिकायला लागली. बारीक, पण काकासाहेबाला ती मांडवभर ऐकू येत होती. व्याह्यांचे डोळे बोलणाऱ्यावरून खाली उतरायला लागले. आता ते चिमटीवर येणार. आता त्यांच्या मनात येणार, मुलीच्या घरात हे आहे. आज्यात होतं म्हणतात, चुलत्यात आहे. त्याला एकाएकी दिसलं की किल्लीचं सोडा, इथं पोरीची सुपारीच आपल्या चिमटीत अडकली आहे. मघापासून गाडी सावलीत लावताना हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात तबक वाजलं.

आधी वाटी वाजली, मग अक्षता उडाल्या. त्यानं मान वळवली तर वच्छलाबाईचे हात हलत होते. दोन्ही हात, कोपरापासून, असे की तबकातलं सगळं नाचत होतं, आणि त्या नाचण्यात त्याची चिमटी, सुपारी, टिकटिक सगळं बुडून गेलं. कुणाचं काय हलतंय ते सांगता येणार नाही असं झालं. “अगं बाई,” ती म्हणाली, आणि वाटी उलटली. कुंकू तबकाच्या कडेवरून थेट व्याह्यांच्या धोतरावर गेलं.

शुभकार्यात सवाष्णीच्या हातून कुंकू सांडलं होतं.

“या गाडीनं, बाई, जीव खिळखिळा केला,” वच्छलाबाई सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाली. ती मोठ्यानं बोललेली काकासाहेबानं कधी ऐकली नव्हती. “मघाशी बरं होतं, आता उगाच हात कापू राह्यले. ह्यांचे बी तसेच. फोडा हो तुम्ही, थांबू नका.”

त्यानं दाबलं. काम मिळालं तसा हात गुमान झाला. सुपारी एका दाबात फुटली.

व्याही भला माणूस. “कुंकूच सांडलं ना, वहिनी,” ते धोतर झटकत म्हणाले, “रंग लवकर लागला म्हणायचं,” आणि मांडव हसला. कुणीतरी गाडी भंगारात द्यायला सांगितलं. कुणीतरी पेढे आणले. काकासाहेब हसत होता, पेढा उजव्या हातानं खात होता, आणि आतल्या आत मागं-मागं जात होता. बूच काढून ठेवलेली बाटली. केव्हापासून आपला चहा बशीतून बंद झाला आणि पेल्यात आला? पेला कधी अर्धाच भरायला लागला? शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण सकाळी लावलेलंच मिळायचं. कारखान्यातल्या समारंभाला हाराचं ताट तिनं त्याच्या हातून आपल्याकडं घेतलं होतं, आणि त्याला वाटलं होतं, हिला पुढं पुढं करायची हौस आली आता. घरात दोन माणसांच्या मध्ये काहीतरी सगळं जिरवत होतं आणि पलीकडं जाऊ देत नव्हतं, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. त्याला, ज्याचा हाच धंदा.

ऊन उतरल्यावर ते निघाले. वच्छलाबाई एका हातानं कंबर धरून सीटवर खाली सरकली, उशी पाठीमागं घेतली. तिच्या नखांत कुंकू राहिलं होतं. आवडाबाई खिडकीशी आली. ती रागावलेली नव्हती. ते परवडलं असतं. तिचा चेहरा मायेनं भरला होता.

“वच्छले,” ती म्हणाली, “लग्नात तबक, विहिणींची ओटी, समदं द्वारका बघंल बरं. मायच आहे पोरीची, तिला बी हौस आहे.” द्वारकाबाई, रामकिसनची बायको, मागं उभी होती, तिनं नजर खाली घातली. “तू लई केलंस आजवर. आता तू आराम कर.”

काकासाहेबाचा हात किल्लीवर होता.

इथं तो बोलू शकत होता. काकू, तिचा हात नाही, माझा. एवढं पुरलं असतं. सुपारी फुटली होती, पोरीचं जमलं होतं, व्याही वैजापूरच्या वाटेला लागले होते. शब्द जिभेवर आले. मांडवातून रामकिसन बघत होता. वच्छलाबाई समोरच्या काचेतून सरळ पुढं बघत होती, आणि तिनं त्याच्याकडं वळून बघितलं असतं तर कदाचित; पण ती वळली नाही.

“बरं काकू,” वच्छलाबाई म्हणाली.

त्यानं किल्ली फिरवली. गाडी धडधडायला लागली, आरसे हलले, काचा वाजल्या, गणपती कापला, आणि मांडवातली माणसं हसत म्हणाली, हालली, हालली. रामकिसनच्या पोरीला घर मिळालं. व्याह्यांना धोतर धुवायला टाकावं लागलं. गाडीला शिव्या पडल्या, तिला कान नव्हते. द्वारकाबाईला तबक मिळालं. काकासाहेबाची किल्ली काकासाहेबाकडं राहिली, एका दाबाचा लौकिकही राहिला, आणि त्याच्या हाताचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. त्याच्याकडून कुणी काही घेतलं नाही. जे द्यायचं होतं ते शेजारच्या सीटवरून गेलं होतं. फाट्यावर वळताना त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि एवढ्या थरथरत्या गाडीत ते अगदी स्थिर होते.